जलपर्णी कुणाकडे सरकते

४ नोव्हेंबर २०२४, बदलापूर

भाऊबीज काल झाली आणि आज मी नोकरीवर हजर. नवी वही, नवी खोली, नवं काम. मी खूश आहे, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

ऑफिस म्हणजे बदलापूर पश्चिमेला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगल्याचा वरचा मजला. पुढच्या दोन खोल्यांत टेबलं, कॉम्प्युटर आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. मागची खोली मला राहायला. उल्हासनगरहून रोज ये-जा जमली असती, पण ड्रोन सकाळी सातला उडवायचा असतो, वारा उठायच्या आत. आईनं जवसाची चटणी, शंकरपाळी आणि दोन चादरी दिल्या. पप्पांची अंबरनाथ एमआयडीसीत पहिली पाळी, त्यामुळे निघताना भेट झाली नाही. झाली असती तरी बँकेची परीक्षा दे, एवढंच म्हणाले असते.

काम असं की उल्हास नदीवर जलपर्णी माजली आहे. फुलं जांभळी, सुंदर, पण तिनं पाणी झाकलं की खाली उजेड पोचत नाही, मासे मरतात, पाणी उपसायचे पंप तुंबतात. वांगणीपासून शहाडपर्यंतची नदी आम्ही वरून टिपायची, फोटो जोडून नकाशा करायचा आणि दर शनिवारी तो सफाईच्या टोळीला द्यायचा. लाल रंग म्हणजे दाट, तिथं मशीनची मोठी बोट जाणार. पिवळा म्हणजे विरळ, तिथं लहान होडीतून माणसं हातानं ओढून काढणार. काळी चौकट म्हणजे धोका, तिथं लहान होडी न्यायचीच नाही. दाट जलपर्णीत होडी अडकते, आणि माणूस पडला तर मुळांच्या जाळ्यातून वर येत नाही.

राजेंद्र सर आमचे प्रमुख. पाणी खात्यातून लवकर निवृत्ती घेतलेले, मृदू बोलणारे. म्हणाले, ड्रोनचं लायसन्स आणि नकाशाचं शिक्षण दोन्ही असलेली माणसं मिळत नाहीत, तुम्ही आलात बरं झालं. प्रत्येक नकाशावर शेवटची सही माझी असणार. गेली दोन वर्षं मी लग्नांत नवरा-नवरीच्या डोक्यावर ड्रोन फिरवत होते. आज कुणीतरी मला अहो-जाहो केलं.

७ नोव्हेंबर

आज सगळ्यांची ओळख झाली. दुसरी पायलट सोनिया, बावीस वर्षांची, वांगणीच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या ठाकूरवाडीतली. बारावीनंतर महिलांच्या ड्रोन प्रशिक्षणातून आली. तिचे वडील नवसू टोळीची लहान होडी चालवतात. तिची आत्या चंद्री टोळीची मुकादम, वीस माणसं तिच्या एका हाकेवर उठतात.

सोनिया मला पहिल्या मिनिटापासून ताई म्हणते. हात हलका आहे तिचा. ड्रोन उतरवताना मला स्क्रीन बघावा लागतो, ती वर बघते.

आणि नवसूकाका तिच्याकडे बघतात. ड्रोन वर गेला की होडी थांबवून, कपाळावर हात धरून, ठिपका होईपर्यंत उभे. शेजारच्या माणसाला सांगत होते, "आमची पोर हाय ती. मशीन नुसती दिसायला." माझा ड्रोन वर गेला तेव्हा ते पुन्हा वल्हं मारायला लागले. साहजिकच आहे. माझे वडील नाहीत ते.

१६ नोव्हेंबर

पहिला नकाशा गेला. मी केला, माझी सही. सर सोनियाला म्हणाले, छान.

झालं असं की बंधाऱ्याच्या वर मी एक पट्टा लाल दाखवला होता. सोनियानं स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली की ताई, ही जलपर्णी नाही, काठावरची बेशरमाची झाडी आहे, पाण्यावर वाकली आहे. आम्ही जाऊन बघितलं. बेशरमच होती. मशीनची बोट फुकट गेली असती. ती बरोबर होती आणि तिनं ते चारचौघांत मिरवलं नाही, हलक्या आवाजात सांगितलं. तिनं मिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी तिनं आणलेली नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. चव चांगली होती, हेही लिहिते.

२५ नोव्हेंबर

पालिकेच्या बैठकीत नदीचं काम दाखवायचं होतं. स्लाइड मी बनवल्या, दोन दिवस बसून. बोलायला सरांनी सोनियाला उभं केलं. स्थानिक मुलगी बोलली की लोक ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी ऐकलंही. एका पत्रकारानं तिचा ड्रोनसकट फोटो काढला. मी लॅपटॉपपाशी बसून स्लाइड पुढं सरकवत होते.

उल्हासनगरच्या सुभाष टेकडीच्या गल्लीतून निघून इथवर यायला मला काय काय करावं लागलं ते मला माहीत आहे. तिलाही तेवढंच, कदाचित जास्तच करावं लागलं असेल. हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

३० नोव्हेंबर

आज खाणीच्या डोहावर पहिल्यांदा गेलो. चिखलोलीच्या पलीकडे, नदीला लागून एक बंद पडलेली दगडखाण आहे. एका पुरात मधली भिंत फुटली आणि खाण पाण्यानं भरली. तीन बाजूंनी उभे कातळ, पूर्वेला एक सपाट दगड, तिथवर पायवाट. पाण्याला प्रवाह नाही. मधे जलपर्णीचा एकच पट्टा, चाळीस-पन्नास पावलं रुंद, गच्च. त्यावर बगळा चालत होता.

मी सात वाजून वीस मिनिटांनी उडवला. पट्टा पश्चिमेच्या कातळाला टेकलेला. नंतर सपाट दगडावर उभं राहून सोनियानं आठ वाजता उडवला. तिच्या फोटोंत पट्टा पूर्वेला, तिच्या पायांपासून दहा हातांवर. वारा नव्हता. समोरच्या वीटभट्टीचा धूर सरळ वर जात होता.

मी म्हटलं, जागेची नोंद चुकली असेल, सॅटेलाइटचा गोंधळ. सोनिया म्हणाली, "नाय ताई, मी डोळ्यांनी बघितली सरकताना."

चंद्रीमावशी काठावर पान चघळत बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मागच्या आठवड्यात त्यांची एक शेळी या दगडावरून पाण्यात गेली. शेळी परत आली नाही, पण ती गेली त्या जागी जलपर्णीत भोक राहिलं. एरवी जलपर्णीत हात घालून काढला तर दोन दिवसांत जागा भरून येते. मी फोटो मोठा करून पाहिला. भोक होतं. शेळीएवढंच, कडा कापल्यासारख्या, आत काळं पाणी. पट्टा सरकला तरी भोक त्याच्याबरोबर सरकलं होतं.

६ डिसेंबर

दरवर्षीसारखी आई-पप्पांबरोबर चैत्यभूमीला. रांगेत पाच तास. मन शांत होईल असं वाटलं होतं.

रांगेत उभं असताना पप्पांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. सोनियाचा फोटो. नीट घडी घालून ठेवला होता. म्हणाले, "ही तुझ्याच हापिसातली ना? बघ, डोंगरातली पोरगी, कुठून कुठं पोचली." नंतर शेजारच्या माणसालाही दाखवला. माझी लेक हिच्याबरोबर काम करते, असं सांगितलं.

माझं कात्रण नाही, हे खरं. पण दोन वर्षांत पप्पांनी माझा ड्रोन एकदाही हातात घेऊन पाहिलेला नाही.

७ डिसेंबर

काल मी नसताना सोनियानं डोहावर एकटीनं तीन उड्डाणं केली. नकाशात डोह लाल करून वर काळी चौकट टाकली. सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं की हिला आता कुणाची गरज नाही. गंमतीत म्हणाले. सोनिया लाजली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ताईंनीच शिकवलं.

मी तिला काही शिकवलेलं नाही.

दुपारी नकाशा सहीला माझ्याकडे आला. ऑफिसात कुणी नव्हतं. मी काळी चौकट काढली. मग लाल पिवळा केला. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. सही केली, टोळीला पाठवला.

इथं खरं लिहिते. पट्टा दाट आहे, हे मला माहीत होतं. मला एवढंच हवं होतं की सोमवारी माणसं जातील, तासाभरात काढून मोकळी होतील, आणि सोनियानं उगाच घाबरवलं असं सगळे म्हणतील. एकदाच. एकच दिवस.

९ डिसेंबर

नवसूकाका गेले.

सोनिया आज सरांबरोबर अंबरनाथला बैठकीत होती. तिनं घरी सांगितलं होतं की खाणीच्या डोहावर होडी नेऊ नका. पण नकाशा पिवळा होता. चंद्रीमावशींनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "ताईनं तपासलंय. शिकलेली हाय ती, तिला कळत नाय का?" दोन माणसं काठावर दोर धरून होती. त्यांनी सांगितलं, होडी पट्ट्यात शिरली, काका जलपर्णी ओढायची लांब आकडी घेऊन वाकले, आणि मग होडीत कुणी नव्हतं. ओरडले नाहीत. पाण्याचा आवाजही झाला नाही. आकडी होडीत आडवी ठेवलेली होती, कुणीतरी जपून ठेवावी तशी.

मी पोचले तेव्हा अग्निशमनची माणसं उतरली होती. त्यांना मुळांशिवाय काही लागलं नाही.

११ डिसेंबर

तीन दिवस शोध. काही नाही. अधिकाऱ्यांनी शोधासाठी वरून फोटो मागितले म्हणून मी उडवला.

पट्ट्यात माणसाएवढं भोक आहे. डोकं, खांदे, एक हात किंचित बाहेर. कडा स्वच्छ. मी फोटो दिले. त्यांना ते नुसतं उघडं पाणी वाटलं. साठ मीटरवरून बघायची सवय नसते लोकांना.

१४ डिसेंबर

सरांनी विचारलं, चौकट कशी गेली. मी बोलायच्या आत सोनिया म्हणाली, माझ्याकडूनच फाइल नीट सेव्ह झाली नसेल. तिचे डोळे सुजले होते. आपल्याच हातून बाप गेला, असं तिला वाटतंय. सर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी तोंड उघडलं आणि पाणी प्यायले.

वाडीवर नगरसेवक आले, पत्रकार आले, बाया तिला मिठीत घेऊन बसल्या. आईनं उल्हासनगरहून तिच्यासाठी डबा पाठवला. पप्पा फोनवर म्हणाले की त्या पोरीला सांभाळ, ती एकटी पडली. तू कशी आहेस, हे विचारलं नाही.

आणि मला, हे लिहितानाही, तिचा राग आला.

२० डिसेंबर

टोळीचं काम डोहावर बंद आहे, पण सोनिया रोज सकाळी तिथं जाते. सपाट दगडावर बसते, ड्रोन उडवते आणि बापाच्या भोकावर नेऊन थांबवते. सरांनी तिला अडवलं नाही. मला तिच्यावर लक्ष ठेवायला पाठवलं.

ती आली की पट्टा येतो.

आज मी डोळ्यांनी पाहिलं. पश्चिमेच्या कातळापासून सुटला आणि सरळ पूर्वेला, अख्खा डोह ओलांडून, माणूस चालेल तेवढ्या वेगानं. पानं हलत नव्हती. वारा नव्हता. दगडापाशी येऊन थांबला. भोक तिच्या बरोबर समोर. सोनिया घाबरली नाही. भोकातल्या पाण्याशी बोलत होती, हळू, घरात बोलतो तसं. मी काठावर वीस पावलांवर उभी होते. माझ्या दिशेला त्याची कड बोटभरही वळली नाही.

ताई, बाबा येतात, असं ती म्हणाली. मला पटलं. त्याचंच भय वाटलं.

२७ डिसेंबर

आठवडाभर मोजलं. सोनिया दगडावर असली की पट्टा पूर्वेला. ती उत्तरेच्या कातळावर चढली तर उत्तरेला. चार दिवस मी दुपारी एकटी गेले, तेव्हा पट्टा पश्चिमेलाच. काल मी तिच्या आधी जाऊन दगडावर उभी राहिले, तिच्याच जागी. पट्टा माझ्यापासून लांब गेला. हळू, पण गेला.

भीती वाटायला हवी. वाटते. पण त्याच्या खाली दुसरं काही आहे, ते लिहायची लाज वाटते. तिच्यासाठी मेलेला बापसुद्धा डोह ओलांडून येतो.

सरांना सांगितलं की सोनियाला तिथं जाऊ देऊ नका. काळजीनं सांगितलं की कशानं, मला माहीत नाही. सर म्हणाले, चार दिवस जाऊ दे, दुःख हलकं होईल.

२ जानेवारी २०२५

मी समोरच्या, पश्चिमेच्या कातळावर होते. ड्रोन माझा, साठ मीटरवर. सकाळचे आठ. स्वच्छ ऊन.

स्क्रीनवर सगळं दिसत होतं. सोनिया दगडावर बसलेली, पाय पाण्यात. पट्टा तिच्याकडे निघाला. या वेळी थांबला नाही. दगडाला भिडला, मग वर चढला. हिरवा पदर दगडावर पसरावा तसा. तिच्या पायांवर, मांडीवर. ती मागं सरकली नाही. तिनं हात पुढं केला. भोकातून —

भोकातून एक हात वर आला असं मला वाटलं. स्क्रीन लहान आहे. ऊन होतं.

माझा फोन खिशात होता. तिचा नंबर सगळ्यात वर. हाक मारली असती तर डोहात आवाज घुमला असता, नक्की ऐकू गेला असता. मी स्क्रीन बघत उभी राहिले. बॅटरी तीस टक्के, पंचवीस, वीस.

वीस टक्क्यांवर ड्रोन स्वतःहून परत आला. दगड रिकामा होता. पट्टा पुन्हा पाण्यावर. दोन भोकं, शेजारी शेजारी. एका भोकाचा हात दुसऱ्याच्या हाताला लागलेला.

३ जानेवारी

पोलिसांनी लिहून घेतलं. बापाच्या दुःखात पाय घसरला. मीही तेच सांगितलं.

चंद्रीमावशींनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. 

६ जानेवारी

सगळी उड्डाणं आता माझी. नकाशा माझा, सही माझी. सर हळहळतात, माझ्याशी नीट बोलतात. मला जे हवं होतं ते सगळं टेबलावर आहे.

रोज डोहावर जाते. कामासाठी, असं सरांना सांगते. वरून बघते. दोघं हात धरून पाण्यावर पडलेली. पट्टा हलला की दोघं हलतात. कधी एकमेकांकडे थोडी वळलेली.

माझ्याकडे कधीच नाही. मी दगडावर तासभर उभी. पट्टा पश्चिमेला, कातळाला टेकून. पाठ केल्यासारखा.

८ जानेवारी

चंद्रीमावशी पायवाटेवर भेटल्या. एकट्या. हातात कोयता, लाकडं तोडून आल्या होत्या. मला वाटलं मारतील. त्यांनी विचारलं, रोज कशाला येतेस.

मी म्हटलं, बघायला.

त्यांनी मान हलवली. "तू बोलावून घ्यायची वाट बघतेस. तोंडावर दिसतंय. जलपर्णी तुला नाय नेणार, पोरी. तिथं तुझं कोण हाय?"

 मग त्या म्हणाल्या, जा घरी. आईबापाकडं जा. आजच जा.

जायला हवं होतं.

१० जानेवारी

सोमवारी मोठं मशीन येणार. सगळा पट्टा कापून, उचलून, वाळवून जाळणार. सरांनी आज ठरवलं. मी मान डोलावली.

झोप नाही. डोळे मिटले की वरून दिसतं. साठ मीटर. दोन भोकं. शेजारी जागा आहे. एकाची. मी मोजली.

पप्पांचा फोन आला. सोनियाचं वाईट वाटतं म्हणाले. कात्रण अजून पाकिटात ठेवलंय. मी विचारलं, माझा फोटो आहे का पाकिटात. त्यांना प्रश्न कळला नाही. हसले. म्हणाले, तू तर घरचीच.

फोन ठेवला. पप्पा चांगलं बोलले बहुतेक. मला आत घेता आलं नाही.

११ जानेवारी

उडवला. पट्टा पश्चिमेला.

ड्रोन दहा मीटरवर आणला. भोकात तळ नाही. कडेला मुळं. मुळं नाहीत, केस —

सोनियाचे केस असे होते.

वर आणला.  तरी दगडावरून उठले नाही. ये म्हटलं. मोठ्यानं. काही नाही. बगळा उडाला फक्त.

पट्टा तिच्यासाठी आला होता. हाक न मारता.

१२ जानेवारी, सकाळ

उद्या मशीन. आज शेवटचा दिवस. ड्रोन आणला नाही. वही आणली. दगडावर बसून लिहितेय.

साडेसात. ऊन आलं. पट्टा समोर, लांब.

चंद्रीमावशी म्हणाल्या ते खरं. माझं तिथं कुणी नाही. पण पाण्यातल्या त्या दोघांना माझ्याशी काम आहे. फक्त त्यांना माहीत नाही.

सात डिसेंबरचं पान काढलं. मोठ्यानं वाचलं. सगळं. चौकट मी काढली. लाल पिवळा मी केला. पट्टा दाट आहे हे मला माहीत होतं. कातळावर आवाज आपटून परत येत होता, दोनदा, दोनदा. मग दोन जानेवारीचं पान. फोन खिशात होता. नवसूकाका, मी केलं. सोनिया, तू नाही. मी.

वाचून झालं. शांत.

पट्टा सुटला.

कातळापासून सुटला. येतोय. माझ्याकडे. वारा नाही. भट्टीचा धूर सरळ.

माझ्यासाठी येतोय. पहिल्यांदा. हसू येतंय —

अर्धा डोह झाला. वेगानं. तिच्यासाठी असा नव्हता आला. तिच्याकडे चालत आला होता. हा धावतोय.

भोकं दिसतात. इथून, बसून दिसतात. हात सुटलेत एकमेकांचे. दोन्ही हात पुढं. माझ्या दिशेनं.

हे नको होतं. मला असं नको होतं, मला तसं हवं होतं, जसं तिला —

उठते.

पायाखालचा दगड ओला. मागं पायवाट — मागंही हिरवं आहे. कधी आलं? पायवाटेवर पाणी नाही, तिथं कसं —

चंद्रीमावशी वर उभ्या. हाक मारतात. दोर टाकतात. लांब आहे. मी वही —

घोट्याला कुणीतरी धरलं. थंड नाही. गरम हात. दुसऱ्या घोट्याला दुसरा, लहान. ओढत नाहीत. नुसतं धरून, वर बघतायत, आणि सोनिया तोंड उघडून मला —